नववा फर्मा

बाइंडिंग हॉलमधल्या जुळणीच्या बाईचा राग नाकावर असतो असं म्हणणं म्हणजे तिच्या बाकीच्या अंगावर अन्याय आहे. राग तिच्या चालण्यात होता, डब्याचं झाकण लावण्यात होता, पंख्याचं बटण दाबण्यात होता. साधं ‘हो’ म्हणायचं असलं तरी ती असं म्हणायची की विचारणाऱ्याला प्रश्न मागे घ्यावासा वाटे. हॉलमधले लोक तिला तोंडावर मावशी म्हणत आणि पाठीमागे तडतड मावशी. तिला ते ठाऊक होतं. “पाठीमागे म्हणता ते पुढे येऊन म्हणा,” असं तिने एकदा सगळ्यांना बजावलं, तेव्हा सगळ्यांना अचानक कामं आठवली.

तिचं काम सांगायला सोपं आणि करायला पायांचा जीव घेणारं. छापून आलेला मोठा कागद घडी घातली की सोळा पानांचा होतो, त्याला फर्मा म्हणतात. पुस्तक सतरा फर्म्यांचं असेल तर लांब टेबलाभोवती सतरा गठ्ठे ओळीने मांडायचे आणि टेबलाला फेरी मारत प्रत्येक गठ्ठ्यातून एकेक उचलत जायचं. एक फेरी, एक पुस्तक. हजार प्रती असतील तर हजार फेऱ्या. सत्तावीस वर्षं ती अशी फिरत होती. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, फार बोलायचा नाही, पण कधीतरी म्हणायचा, “एवढं सरळ रस्त्याने चालली असतीस तर एव्हाना समुद्र लागला असता.” त्यावर ती म्हणायची, “आणि तुम्ही एवढे वर गेला असतात तर चंद्रावर पोचला असतात, पण रोज घरी येताच ना?”

आठवीत असताना तिला शाळेतून काढलं होतं. पाठची तीन भावंडं सांभाळायला घरात कुणी नव्हतं, आणि ती थोरली, म्हणजे विचारायचं कशाला? तो तिचा पहिला राग. बाकीचे सगळे त्याच्यावर एकेक करून रचत गेलेले. त्यामुळे पुस्तकांत आयुष्य काढूनही ती पुस्तकांवर खार खाऊन होती. वाचायची ती फक्त सांधे. पानांचे आकडे पुसट आले की फर्म्यांचा क्रम कळत नाही, मग एका फर्म्याची शेवटची ओळ आणि दुसऱ्याची पहिली ओळ जुळवून पाहावी लागते. तिला ती सवयच लागली. हजारो पुस्तकं तिला अशी फक्त सांध्यांवरून माहीत होती. कुणाचा घटस्फोट कशावरून झाला ते ठाऊक नाही, पण ‘त्याने पेला खाली ठेवला’ आणि ‘आणि पुन्हा उचलला नाही’ यांच्या मध्ये फर्मा बदलतो हे तिला पक्कं आठवे.

तिचा खरा जीव होता तो कव्हरांवर. कव्हर सगळ्यांत शेवटी येतं. आतलं पुस्तक शिवून तयार झालं की मग ते चढवायचं. नवा गठ्ठा आला की ती पहिला कागद दोन्ही हातांत धरून खिडकीशी जायची आणि निकाल द्यायची. “या माणसाच्या मानेवर नाव छापलंय, मुंडकं उडवल्यासारखं दिसतंय.” “हे काय, पुस्तक दुःखाचं आणि अक्षरं लग्नपत्रिकेची?” “या बाईला कोपरच नाही.” जास्तीचे कागद ती घरी न्यायची आणि कपाटाच्या दारांना आतून लावायची. कोणत्या चित्रकाराचा हात कोणता, हे ती लांबून सांगायची. त्यातला एक तिचा खास होता. त्याला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण त्याचं आभाळ ओळखू यायचं. बाकीचे आभाळाला निळा फासून मोकळे होतात. हा माणूस आभाळात वेळ घालवायचा. “याला कुणी घाई करत नाही, किंवा करतात आणि हा ऐकत नाही,” ती म्हणायची, आणि तिच्या तोंडून एवढं म्हणजे हारतुरेच.

मग ते पुस्तक आलं.

लेखिका नवीन होती, पहिलंच पुस्तक. पहिला आला तो चौथा फर्मा, कारण मशीनवर जो आधी तयार होईल तो आधी येतो, गोष्टीच्या सोयीने नाही. तिने सवयीने सांधा पाहिला. पहिलीच ओळ अशी: ‘मडक्यावरची चकती सरकवली तरी आतून काही आलं नाही, तेव्हा कुंभारणीच्या लक्षात आलं की घरचं वारं निघून गेलंय.’

“वारं? मडक्यात?” तिने मोठ्याने विचारलं. “हे काय लहान मुलांचं आहे का?”

फोरमन पलीकडून म्हणाला, “नाही मावशी, मोठ्यांचंच आहे. कल्पनेतलं. हल्ली असलं निघतं.”

“मोठ्यांना कामं नाहीत वाटतं,” ती म्हणाली, आणि जेवणाच्या सुट्टीत तो फर्मा घेऊन बसली.

कापायच्या आधीचा फर्मा वाचणं हे काही सरळ काम नाही. घडी वरून बंद असते. पानं एकमेकांना जोडलेली. बोट घालून पान फुगवायचं आणि पिशवीत डोकावून पाहावं तसं आत वाचायचं. तिने तसं वाचलं, सोळा पानं, डबा न उघडता. त्या पुस्तकातल्या देशात प्रत्येक घराचं आपापलं वारं असतं. ते मडक्यात ठेवतात. चूल फुंकायला, धान्य उफणायला, तान्ह्याला झोपवायला थोडं थोडं सोडतात आणि परत बोलावतात. आणि एक कुंभारीण आहे. साठीची, जाडजूड, डाव्या हाताची दोन बोटं भट्टीत गेलेली. तिचं मडकं तडकतं आणि चाळीस वर्षं सांभाळलेलं वारं पळून जातं. शेजारचे म्हणतात, या वयात आता काय वाऱ्याची गरज. त्यावर कुंभारीण जे बोलते ते वाचून आमची बाई एकटीच हसली. हॉलमध्ये कुणी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे दोघंजण घाबरले.

त्या संध्याकाळी डागाळलेला एक फर्मा तिने घरी नेला आणि नवऱ्याला वाचून दाखवला.

“पुढे काय झालं?” त्याने विचारलं.

“मला काय माहीत? पाचवा अजून घडीला यायचाय.”

“मग आधी काय झालं?”

“तेही परवा कळेल. तुम्हाला काय मालिका वाटली?”

पुढचे तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. फर्मे आले तसे तिने वाचले. सातवा, मग पहिला, मग बारावा. कुंभारीण डोंगरावर पोचायच्या आत परतीच्या वाटेला लागलेली कळली, शेजारीण मेल्यावर दोन दिवसांनी भांडायला आली. पण सांधे लावायचं काम तर तिच्या हाताला रोजचंच. तिने गोष्ट डोक्यात टेबलासारखी मांडली आणि ज्या जागी जो फर्मा तिथे तो ठेवत गेली. असं पुस्तक तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. तिच्या मते पुस्तकांत बायका दोनच प्रकारच्या असायच्या, रडणाऱ्या नाहीतर दिसणाऱ्या. ही कुंभारीण डोंगराला शिव्या देत चढत होती. तिचे तळवे दुखत होते. ती खडकावर बसून पाय चोळायची आणि चोळता चोळता देवाला, वाऱ्याला, मेलेल्या नवऱ्याला, सगळ्यांना फैलावर घ्यायची.

“माझ्यासारखीच आहे,” ती नवऱ्याला म्हणाली.

“कळलं ते मला पहिल्याच दिवशी,” तो म्हणाला, आणि लगेच पाणी प्यायला उठला.

अडलं फक्त नवव्या फर्म्याशी. शाई ओली असतानाच त्याचे गठ्ठे एकावर एक रचले गेले, पानं एकमेकांना चिकटली, आणि सगळाच्या सगळा फर्मा रद्दीत गेला. पुन्हा छापायला कागद मागवला होता. मधल्या दिवसांत बाकीचे सोळा फर्मे टेबलावर मांडून झाले, आणि नवव्याची जागा मोकळी राहिली.

तिने सांधा तपासला. आठव्याच्या शेवटी कुंभारीण डोंगरावरच्या वाऱ्यांच्या विहिरीशी पोचते. शेवटची ओळ: ‘तिने काठावर वाकून आपल्या वाऱ्याला हाक मारली, आणि मग ती’. दहाव्याची सुरुवात: ‘उतरायला लागली, तेव्हा पाठीवर ओळखीची झुळूक होती.’

“बसतंय की,” ती म्हणाली. “हाक मारली, वारं आलं, उतरायला लागली.”

“मग मधल्या सोळा पानांत काय आहे?” नवऱ्याने विचारलं.

“असेल काहीतरी वर्णन. लेखकांना डोंगर दिसला की आवरत नाही.”

“तरी पण...”

“सत्तावीस वर्षं सांधे लावतेय मी. तुम्ही तुमच्या लिफ्टा बघा.”

तो गप्प बसला. तिच्याशी संसार करायचा तर कुठे गप्प बसायचं हे त्याला नेमकं कळायचं, आणि या वेळी तेच चुकलं.

नववा फर्मा यायच्या चार दिवस आधी कव्हर आलं. गठ्ठ्याचा दोरा तिने स्वतः कापला. पहिला कागद उचलला, खिडकीशी गेली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

कव्हरवर एक पोरगी होती. विशीतली. विहिरीच्या अंधारातून वर पाहणारा चेहरा, मोकळे सोडलेले केस चारी बाजूंना पसरलेले, दोन्ही हात काठाला धरलेले. बोटं तिने मोजली. दहा. खाली मडक्याच्या खापऱ्या. आणि विहिरीच्या काठापलीकडे दिसणारं आभाळ ओळखीचं. त्याचंच. ज्याला कुणी घाई करत नाही त्या माणसाचं.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर ती चार शिव्या देऊन कामाला लागली असती. पण यानेसुद्धा? साठ वर्षांची जाडजूड बाई, चढता चढता धाप लागणारी, आठ बोटांची, आणि तिच्या जागी याने ही बाहुली बसवावी? म्हणजे आत काय लिहिलंय ते वाचायचंच नाही. बाई म्हटलं की केस सोडायचे आणि मोकळं व्हायचं. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यासारखी कुणी पुस्तकात आली होती, आणि दारातच तिला मागे ढकलून दुसरीला उभं केलं होतं. तिच्या डोक्यात नुसती तिडीक उठली.

नेमका त्याच वेळी प्रकाशक कव्हर पाहायला आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, सतत कुणाला तरी आवडेल का या चिंतेतला माणूस. फोरमन त्याला घेऊन हॉलमध्ये शिरला आणि मावशीचा चेहरा पाहून परत वळायला लागला, पण उशीर झाला होता.

“हे काय आहे?” तिने कागद प्रकाशकाच्या नाकासमोर धरला.

“कव्हर,” तो म्हणाला.

“ही कोण?”

“ही... नायिका असावी.”

“असावी? तुम्ही छापताय आणि तुम्हाला माहीत नाही? वाचलंय का पुस्तक?”

“मी सुरुवातीची पन्नास पानं...”

“नायिका साठ वर्षांची आहे! बोटं आठ आहेत तिला! म्हातारी आहे, जाडी आहे, पाय दुखतात तिचे. आणि ही कोण भवानी? लोक पुस्तक घेतील, आत दुसरीच बाई निघेल, आणि तुमच्या तोंडावर आणून फेकतील. फसवणूक आहे ही. असलं खोटं कव्हर मी नाही चढवणार. दुसरं कुणी बघा.”

हॉलमधली मशीनं चालू होती तरी सगळ्यांना ऐकू गेलं. कटिंग मशीनवाला हातातलं काम थांबवून उभा राहिला. घडी घालणाऱ्या दोघी बायका म्हणाल्या, “खरंच की, मावशी म्हणतात ते बरोबर आहे.” प्रकाशकाने घाम पुसला. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला, आणि मग अगदी सावकाश म्हणाला, “तुम्ही पूर्ण वाचलंय?”

“सांधा न् सांधा,” ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. ते कव्हर रद्द. त्याऐवजी साधा जांभळा कागद, वर पांढऱ्या ठसठशीत अक्षरांत नाव, चित्र नाही. रद्द झालेले कागद त्याच दुपारी रद्दीच्या गाडीत गेले. ते जाताना तिने मागे वळून पाहिलं नाही.

सत्तावीस वर्षांत तिच्या रागाने एक पंखा बदलला होता आणि एकदा संडासाची कडी. एवढंच. बाकी तो हॉलमध्ये घुमायचा आणि विरून जायचा. आज पहिल्यांदा तिने आवाज चढवला आणि जग हललं. घरी जाऊन तिने नवऱ्याला तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना तिने प्रकाशकाचा घाम थोडा वाढवला.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी नववा फर्मा आला.

तिने तो मोकळ्या जागी ठेवला, आणि फेरी सुरू करायच्या आधी, नुसतं पाहावं म्हणून, बोट घालून पान फुगवलं. मग ती स्टुलावर बसली.

कुंभारीण विहिरीत हाक मारते आणि आतून एक पोरगी वर पाहते. विशीतली, मोकळ्या केसांची, दहाच्या दहा बोटं जागेवर. ते वारं आहे. वाऱ्याला स्वतःचं रूप नसतं. ज्या दिवशी कुंभारणीने ते पहिल्यांदा मडक्यात घातलं, त्या दिवशी मडक्याच्या तोंडावर वाकलेला एक चेहरा त्याने पाहिला होता. तिचाच, विशीतला. मग चकती बसली आणि चाळीस वर्षं त्याने तोच चेहरा धरून ठेवला. आता तीच पोरगी विहिरीतून वर पाहत विचारते, “म्हातारे, तू कोण?”

आणि कुंभारीण सोळा पानं तिला पटवत राहते की मीच ती. ती आठवणी सांगते, वाऱ्याला पटत नाहीत. ती रडते, वारं म्हणतं माझी बाई रडत नाही. शेवटी कुंभारीण इतकी चिडते की सगळ्या डोंगराला ऐकू जाईल अशा शिव्या घालते, कृतघ्न, उनाड, चाळीस वर्षं तुला सांभाळलं आणि तोंड वर करून विचारतंस कोण? तेव्हा त्या पोरीचा चेहरा उजळतो. आवाज बदलला होता, हात बदलले होते, तोंडवळा बदलला होता. राग तसाच होता. वाऱ्याने तिला रागावरून ओळखलं.

कव्हर खोटं नव्हतं. सबंध पुस्तकात जर एकच जागा काढायची असेल तर ती हीच होती, आणि त्या माणसाने नेमकी तीच काढली होती. तिने त्याला न वाचणारा ठरवलं, आणि सोळा पानं तिनेच वाचली नव्हती. सांधा बसतो म्हणून. किती मोठ्या तोंडाने सांगितलं होतं, सांधा न् सांधा!

मग ती उठली आणि ऑफिसात जाऊन प्रकाशकाला फोन लावला.

“साहेब, मी चुकले. ते कव्हर बरोबर होतं. तेच परत घाला.”

“मावशी, अहो जांभळं छापून आलंय आता.”

“मग ते रद्द करा. चूक माझी होती, तुम्ही नववा फर्मा वाचा, एकशे एकोणतीस ते एकशे चव्वेचाळीस. ती पोरगी म्हणजे...”

“तुम्हीच म्हणालात ना, लोक तोंडावर आणून फेकतील? चारचौघांत म्हणालात. मला तुमचं पटलं.” त्याचा आवाज आज अजिबात घाबरलेला नव्हता. “खरं सांगू का, मला ते चित्र आधीपासूनच नको होतं. दोन रंग जास्त लागत होते. चित्रकार हटून बसला होता, लेखिका त्याच्या बाजूने. तुमच्यामुळे सुटलो. आणि मूळ चित्र काही वाया जात नाही. केसांची निगा कशी राखावी यावर एक पुस्तक येतंय. त्यातले नुसते केस घेऊ, झकास दिसतील.”

तिचा आवाज चढला. तो इतका चढला की ऑफिसातली कारकून मुलगी उठून बाहेर गेली. लबाड म्हणाली, भित्रा म्हणाली, पन्नास पानांचा प्रकाशक म्हणाली. पलीकडून तो शांतपणे म्हणाला, “मावशी, बीपी सांभाळा,” आणि फोन ठेवला. चूक असताना तिचा राग सगळ्यांनी ऐकला होता. बरोबर असताना त्याला कुणी भीक घालेना.

तिने जांभळी कव्हरं चढवली नाहीत, पण म्हणून ती चढायची थांबली नाहीत. घडीवाल्या दोघींनी चढवली. आता मावशी पुन्हा तडतडायला लागल्या एवढंच त्यांच्या लेखी.

आठवड्याने दुपारी एक माणूस हॉलच्या दारात आला. बारीक, चष्म्याला दोरी, नखांच्या कडांना रंग. आपल्या प्रत्येक कव्हराचे पाच कागद तो नेतो, ते न्यायला आलो म्हणाला. फोरमन गडबडला. कव्हर रद्द झाल्याचं चित्रकाराला कुणी कळवलं नव्हतं.

“रद्द? का?”

“प्रकाशकांनीच... काहीतरी तांत्रिक अडचण होती,” फोरमन म्हणाला आणि मावशीकडे न पाहण्याची पराकाष्ठा करू लागला.

“मग पाच कागद तरी द्या.”

“सगळे रद्दीत गेले हो.”

गप्प राहिली असती तर निभावलं असतं. चित्रकार प्रकाशकावर चिडला असता, आणि प्रकाशक त्या लायकीचा होताच. ती टेबलाच्या त्या टोकाला होती. हातातले फर्मे खाली ठेवून ती सबंध टेबलाला वळसा घालून आली.

“तांत्रिक काही नाही,” ती म्हणाली. “मी घालवलं.”

त्याने तिच्याकडे पाहिलं.

“मी ओरडले. प्रकाशकासमोर, सगळ्यांसमोर. खोटं आहे म्हणाले, फसवणूक आहे म्हणाले. नववा फर्मा वाचला नव्हता मी.”

“वाचला नव्हता,” तो म्हणाला.

“नाही.”

“मग बोललात कशाला?” तो ओरडला. एवढ्याशा माणसाच्या अंगात एवढा आवाज असेल असं कुणाला वाटलं नव्हतं. “तीन महिने भांडलो मी त्या माणसाशी! त्याला तलवार हवी होती, वाघ हवा होता, पुस्तकात वाघ नाही तरी हवा होता. पाच वेळा चित्र परत पाठवलं त्याने. निमित्तच शोधत होता. आणि तुम्ही आयतं नेऊन हातात दिलंत? न वाचता? ज्याला सोळा पानं वाचायचा धीर नाही त्याने तोंड उघडू नये. त्याने फक्त फेऱ्या माराव्यात!”

हॉलमधली मशीनं एकेक करून थांबली. सगळे तिच्याकडे पाहत होते, आता ही काय करते म्हणून. शेवटचं वाक्य तिला लागायचं तिथे लागलं, आठवीतल्या जागी, आणि तिथून उत्तर वर आलंही होतं. ते तिने गिळलं. आयुष्यात पहिल्यांदा गिळलं, आणि ते फार कडू होतं.

“बरोबर आहे तुमचं,” ती म्हणाली. “पण आता वाचलंय. ती पोरगी कोण, मला माहीत आहे.”

“कोण?”

“तीच. कुंभारीण. मडक्यात अडकलेली. वारं तिचा चेहरा घेऊन बसलंय आणि तिलाच विचारतंय तू कोण. आणि तुम्ही कुठली वेळ काढलीत तेही कळलं मला. शिव्या ऐकल्यानंतरची. चेहरा उजळलेला होता. विहिरीत उजेड नव्हता, उजेड चेहऱ्यावरच होता.”

चित्रकाराने चष्मा काढला, शर्टाला पुसला, पुन्हा लावला.

“प्रकाशकाला कळलं नाही,” तो म्हणाला. “त्याच्या ऑफिसात कुणाला कळलं नाही. लेखिकेला कळलं, पण तिने लिहिलंच होतं. बाहेरचं माणूस एकच निघालं ज्याला ते कळलं असतं, आणि ते माणूस तुम्ही.”

ती मान खाली घालून उभी राहिली.

“पण मला एक सांगा,” तो म्हणाला. आता आवाजात राग नव्हता आणि ते जास्त वाईट होतं. “तुमची तक्रार काय होती? म्हातारी कुठाय, हीच ना?”

“हो. आठ बोटांची बाई कुठाय.”

“होती की. डोळ्यांत.”

“कुणाच्या?”

“त्या पोरीच्या. ती वर पाहत होती ना काठाकडे? मग तिच्या डोळ्यांत काठावर कोण दिसेल? दोन्ही बुबुळांत काढली होती मी. वाकलेली, जाडजूड, तोंड उघडं, शिव्या देताना. डावा हात काठावर, तीन बोटं. आठ दिवस लागले मला त्या दोन डोळ्यांना. तुम्ही कागद खिडकीशी नेऊन पाहता असं ऐकलंय मी. दिसली नाही?”

उत्तराची वाट न पाहता तो जिना उतरून गेला. मशीनं पुन्हा सुरू झाली. ती टेबलाशी परतली, पहिल्या गठ्ठ्यावर हात ठेवून उभी राहिली आणि ते कव्हर डोळ्यांसमोर आणायला लागली. केस आठवले, चारी बाजूंना पसरलेले. खापऱ्या आठवल्या. बोटं तर एकेक आठवली, मोजलीच होती. डोळ्यांशी आलं की काही दिसेना. तिने पुन्हा केसांपासून सुरुवात केली. डोळ्यांकडे तिने पाहिलंच नव्हतं.